खणखणीत आणि बद्द

दिल्लीला चाणक्यपुरीतल्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात अण्णांनी माथेरानच्या इंजिनाला बोटाच्या पेरानं तीनदा वाजवलं आणि मागून शिट्टी आली. गार्ड लांबूनच ओरडत आला, "बाबूजी, हाथ मत लगाइए." अण्णांनी हात मागं घेतला, मान मात्र तिरपी करून ते तसेच उभे राहिले. मग मला म्हणाले, "काही कळत नाही गं. रंगाचे थर फार चढलेत."

अण्णा, म्हणजे माझे वडील, कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये बॉयलर फिटर होते. खलाशी, म्हणजे हाताखालचे मदतनीस, म्हणून लागले आणि फिटर म्हणून निवृत्त झाले. ती सगळी वर्षं बार्शी लाइट रेल्वेच्या अडीच फुटी गेजवर, म्हणजे दोन रुळांत अडीच फूट अंतर असलेल्या लाइनवर गेली. ही लाइन एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ मध्ये सुरू केली. चाकांच्या कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, हे त्याचं सूत्र. रूळ हलके, पूल हलके, तरी गाडी भरपूर माल ओढायची. पुढं लाइन पंढरपूरला गेली, लातूरला गेली, १९२७ मध्ये मिरजेला पोचली. आषाढीला डब्यांच्या टपावर वारकरी बसलेले असायचे, ते मी लहानपणी पाहिलंय. आता तिथं सगळीकडं ब्रॉडगेज आहे आणि ते हवंच होतं. लातूरचा माणूस गाडी न बदलता मुंबईला जातो, त्यापुढं माझ्या आठवणींचं काय घेऊन बसायचं. पण अण्णांच्या हातात जे होतं ते त्या गेजबरोबर कुठं गेलं, हा प्रश्न मला त्या दिवशी शिट्टी ऐकल्यावर पहिल्यांदा नीट पडला.

ते बोटानं काय वाजवत होते, ते सांगते. वाफेच्या इंजिनाच्या बॉयलरमध्ये मागच्या बाजूला फायरबॉक्स असतो, म्हणजे आगीची पेटी. पेटीच्या पत्र्यात आणि बाहेरच्या कवचात काही इंचांची फट, आणि त्या फटीत पाणी. वाफेच्या दाबानं या दोन भिंती फाकू नयेत म्हणून शेकडो लोखंडी किंवा तांब्याच्या दांड्यांनी त्या एकमेकींना बांधलेल्या असतात. त्या दांड्यांना स्टे म्हणतात. स्टे आतल्या आत तुटला तर बाहेरून काही दिसत नाही. म्हणून त्याच्या टोकाला बारीक भोक पाडून ठेवतात. तुटला की तिथून पाणी ठिबकतं. पण आमच्याकडचं पाणी जड, क्षारांचं. भोक बुजून जायचं. मग उरायची हातोडी. रिकाम्या बॉयलरमध्ये एकानं फायरबॉक्सात शिरून एकेक स्टे वाजवायचा, दुसऱ्यानं बाहेरून टोकाला बोट लावून उभं राहायचं. धड स्टे खणखणीत वाजतो. तुटलेला बद्द वाजतो, तडा गेलेल्या मडक्यासारखा. अण्णा म्हणतात, खणखणीत ओळखणं सोपं. बद्दही सोपं. अवघड असतो तो मधला आवाज, अर्धवट चिरलेल्या स्टेचा. तो ओळखायला त्यांना सहा वर्षं लागली आणि त्यांच्या मिस्त्रींनी तो कधी शब्दांत सांगितला नाही. नुसतं म्हणायचे, "परत वाजव."

संग्रहालयात इंजिनासमोर पाटी आहे. कारखाना, वर्ष, गेज, चाकांची रचना, सगळं आहे. हा मधला आवाज नाही.

मला ते संग्रहालय फार आवडतं, हे आधीच सांगून टाकते. १९७१ मध्ये राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १ फेब्रुवारी १९७७ ला ते उघडलं. आत अष्टकोनी इमारत, बाहेर झाडांच्या सावलीत रुळांवर उभी इंजिनं नि डबे. माथेरानचं जे इंजिन अण्णांनी वाजवलं ते बर्लिनच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीचं. १९०७ ला सुरू झालेल्या नेरळ-माथेरान लाइनवर वळणं इतकी तंग की साधी चाकं रुळांवर घासून चढली असती. म्हणून त्याच्या पुढच्या नि मागच्या आसांना थोडं बाजूला सरकता येतं, पोकळ आसाच्या आत दुसरा आस फिरतो. अण्णा वाकून वाकून ते बघत होते. कुर्डुवाडीच्या माणसाला दोन फुटी गेजचं इंजिन म्हणजे चुलतभाऊच.

त्याच कंपनीचं आणखी एक यंत्र तिथं आहे आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट त्याची आहे. पतियाळा संस्थानची एकरुळी गाडी. साधारण १९०७ ते १९२७ ही गाडी चालली. रस्त्याच्या कडेला एकच रूळ. गाडीचं जवळजवळ सगळं वजन त्या रुळावर, आणि तोल सांभाळायला एका बाजूला मोठं चाक, जे सरळ रस्त्यावरून पळतं. पतियाळाच्या महाराजांच्या पदरी खेचरांची मोठी फौज होती, सुरुवातीला तीच ही गाडी ओढायची. मग वाफेची इंजिनं आली. मोटारी आणि बरे रस्ते आल्यावर गाडी बंद झाली, रूळ उखडले गेले आणि इंजिनं बांधकाम खात्याच्या आवारात भंगारात पडून राहिली. काही दशकं तशीच.

ती सापडली मायकेल सॅटो नावाच्या माणसाला. हे गृहस्थ आयसीआय या रसायनांच्या कंपनीच्या नोकरीनिमित्त भारतात होते आणि फावल्या वेळात देशभरची जुनी इंजिनं शोधत हिंडत. दिल्लीचं संग्रहालय उभारताना रेल्वेनं त्यांना सल्लागार म्हणून घेतलं. पतियाळाचं इंजिन उत्तर रेल्वेच्या अमृतसर वर्कशॉपनं दुरुस्त करून पुन्हा चालतं केलं. तिथले फिटर असतील तसेच, अण्णांसारखे. एका रुळावर चालणाऱ्या इंजिनाची दुरुस्ती त्यांच्यातल्या कुणीच आधी केलेली असणार नाही. त्यांची नावं मला कुठं वाचायला मिळाली नाहीत. सॅटोंचं नाव राहिलं, याचा मला आनंदच आहे. पण अमृतसरच्या त्या माणसांनी तो तोल कसा जमवला, कुठं पाचर मारली, काय फसलं, हे कुणी लिहून घेतलं असतं तर ते त्या इंजिनाइतकंच मोलाचं झालं असतं.

सॅटो पुढं इंग्लंडला परतले आणि तिथं त्यांनी जे केलं त्यातून मला संग्रहालयांचं एक कोडं उलगडायला मदत झाली. इंग्लंडमधल्या रेनहिलला १८२९ मध्ये झालेल्या इंजिनांच्या स्पर्धेत जिंकलेलं स्टीफन्सन यांचं 'रॉकेट' सगळ्यांना पुस्तकातल्या चित्रावरून माहीत असतं, पिवळंधमक, उंच धुराड्याचं. खरं रॉकेट १८६२ मध्ये लंडनच्या पेटंट ऑफिसच्या संग्रहालयात आलं, तिथून सायन्स म्युझियमकडे गेलं आणि २०२३ पासून ते इंग्लंडच्या ईशान्येला शिल्डनच्या रेल्वे संग्रहालयात आहे. ते चित्रासारखं अजिबात दिसत नाही. काळं, झिजलेलं, बरेच भाग गायब. मुळात तिरपे असलेले सिलिंडर थोड्याच काळात खाली आणून जवळजवळ आडवे केलेले, कारण तिरप्या सिलिंडरांनी इंजिन चालताना हेलकावे खायचं. म्हणजे जगातलं सगळ्यात नावाजलेलं इंजिन जिंकल्या जिंकल्या बदलायला घेतलं गेलं. संग्रहालयानं ते पुन्हा पिवळं आणि तिरपं करायचा मोह टाळला. १९९९ मध्ये तर एखाद्या उत्खननासारखं ते सुटं करून अभ्यासलं गेलं, प्रत्येक भोक, प्रत्येक डाग, प्रत्येक ठिगळ कधीचं आणि कशामुळं ते शोधायला. लोकांना चालतं रॉकेट बघायचं होतं, त्यासाठी सॅटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये नवी प्रतिकृती बांधली. चालायचं काम प्रतिकृतीनं करायचं, साक्ष द्यायचं काम मूळ इंजिनानं.

हा तोडगा मला पटतो. पण तो सगळीकडं लागू होत नाही आणि आपल्याकडं तर आपण दुसरी वाट धरली. १८५५ ची 'फेअरी क्वीन' लीड्सला बनली, १८५७ च्या उठावात सैन्याच्या गाड्या ओढत राणीगंजपर्यंत गेली, १९०९ ला निवृत्त झाली, मग हावडा स्टेशनबाहेर उभी राहिली, पुढं चंदौसीच्या प्रशिक्षण शाळेत. १९९७ मध्ये तिला पेरांबूरच्या वर्कशॉपनं पुन्हा पेटवलं आणि ती दिल्ली ते अलवार धावू लागली. पुढच्या वर्षी गिनेसनं नियमित धावणारं जगातलं सर्वांत जुनं वाफेचं इंजिन म्हणून तिची नोंद केली. एकशे बेचाळीस वर्षांचं इंजिन मेन लाइनवर! मी तेव्हा कॉलेजात होते. अण्णांनी पेपरातलं ते कात्रण देवघराच्या कपाटाला आतून चिकटवलं होतं.

मग एकदा मी त्यांना विचारलं, चालवायला काढलं म्हणजे भाग बदलावे लागले असतील, मग ते जुनं कसं? त्यांना प्रश्नच कळेना. "अगं, बॉयलरमधल्या ट्यूबा, नळ्या गं, त्या तर दर काही वर्षांनी बदलतातच. लेड प्लग बदलतो, पाणी कमी पडलं की वितळणारं ते शिशाचं बूच. टायर बदलतात. आमच्याकडं एका इंजिनाचा बॉयलर दुसऱ्याला चढायचा. इंजिन तेच असतंय की." वर्कशॉपच्या माणसाला इंजिन म्हणजे वस्तू नसतेच, ते दर खेपेला आत येऊन दुरुस्त होऊन बाहेर जाणारं काहीतरी असतं. संग्रहालयाच्या माणसाला मात्र बदललेली प्रत्येक ट्यूब म्हणजे पुसलेला पुरावा. दोघंही खरं बोलतात. मला स्वतःला विचाराल तर मी असं म्हणेन की बदला, पण काढलेला भाग फेकू नका. त्यावर चिठ्ठी लावा, कुठून काढला, का काढला, कुणी काढला. फडताळात ठेवा. पन्नास वर्षांनी कुणाला तरी तो लागणार आहे.

एका स्टेशनाबाहेर, नाव सांगत नाही, चौथऱ्यावर एक छोटं इंजिन उभं आहे. दरवर्षी कुठल्यातरी कार्यक्रमाआधी त्याला चंदेरी रंग फासतात, गंजावरच. धुराड्यात पाणी जाऊन स्मोकबॉक्सचा, म्हणजे धुराड्याखालच्या पेटीचा, तळ गंजून गेलाय. बॉयलरमधलं पाणी दाखवणारी गेज ग्लास नाही, पितळेचं काहीच नाही. एकदा अण्णांना तिथं नेलं होतं. ते दोन मिनिटं थांबले आणि म्हणाले, चल. अशी इंजिनं चौकाचौकांत उभी आहेत. सुशोभीकरण आणि जतन यांतला फरक समजून घ्यायला पैसे फारसे लागत नाहीत, एक छप्पर लागतं आणि पावसाळ्याआधी तेल घेऊन येणारा एक माणूस. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे, पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं घरगुती संग्रहालय आहे. अशा ठिकाणी कुणीतरी जिवापाड सांभाळणारं आहे, हे आत पाऊल टाकताच कळतं.

रेल्वे संग्रहालयाची शिट्टी ज्या हातासाठी वाजते, त्याच हाताला दुसऱ्या एका घरात बोलावणं असतं. ते घर म्हणजे विज्ञान केंद्र. माझा त्याच्याशी पहिला संबंध शाळेत आला. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राची बस आमच्या शाळेच्या मैदानात येऊन उभी राहिली होती, आत बटणं दाबायची प्रदर्शनं. आपल्या देशात अशी फिरती प्रदर्शनं कलकत्त्याच्या बिर्ला औद्योगिक संग्रहालयानं १९६५ मध्येच सुरू केली होती, हे मला फार पुढं कळलं. मला तेव्हा एवढंच आठवतंय की बाई म्हणाल्या, "हात लावा." शाळेत आणि देवळात, लग्नात आणि पाहुण्यांकडं, हात लावू नका ऐकत मोठ्या झालेल्या मुलीला कुणीतरी हात लाव म्हणालं.

वरळीचं पहिलं प्रदर्शन, प्रकाश आणि दृष्टी या विषयावरचं, १९७७ चं. म्हणजे दिल्लीचं रेल्वे संग्रहालय उघडलं त्याच वर्षीचं. १९७९ मध्ये बाहेरचं विज्ञान उद्यान झालं आणि नोव्हेंबर १९८५ मध्ये पूर्ण केंद्र. आत जवळजवळ काहीच 'मूळ' नाही. लोलक, आरसे, तरफा, सगळं केंद्रांच्या वर्कशॉपमध्ये बनवलेलं. हो, त्यांनाही वर्कशॉप असतं, सुतार, फिटर, वेल्डर असतात. लाखो पोरांचे हात पडतात, दांडे निखळतात, मग दुरुस्त होतात. तिथली वस्तू झिजण्यासाठीच बनवलेली असते. अण्णांना ते ठिकाण बघताक्षणी आवडलं, ते यामुळंच असणार.

उद्यानात मात्र एक खरंखुरं इंजिन आहे. जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनं १९२० च्या दशकाच्या अखेरीस बोर घाट आणि थळ घाटासाठी आणलेलं स्विस बनावटीचं विजेचं इंजिन. युरोपात या ठेवणीच्या इंजिनांना मगर म्हणत. आपल्या घाटातल्या ड्रायव्हर मंडळींनी त्याला खेकडा म्हटलं, त्याच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यांच्या विचित्र हालचालीमुळं आणि उभ्या उभ्या कण्हण्याच्या आवाजामुळं. स्वित्झर्लंडहून आलेल्या यंत्राला कोकणातल्या ओहोळातला प्राणी दिसला, याहून चांगली पाटी कुठलं संग्रहालय लिहू शकेल? खेकड्याभोवती पोरं खेळत होती. त्याचं कण्हणं ऐकलेली माणसं आता म्हातारी झाली आहेत. कल्याणच्या, कर्जतच्या, इगतपुरीच्या चाळींत ती अजून असतील.

हल्ली दालनं नव्यानं करण्याचा जोर आहे आणि मी त्याच्या बाजूनं आहे. चाळीस वर्षांपूर्वीचे पिवळट फलक, ट्यूबलाइटचा प्रकाश, न दाबली जाणारी बटणं ठेवून वारसा जपला जात नाही. दिल्लीला आता सिम्युलेटर आहेत, वाफेच्या इंजिनाचा नि डिझेलचाही. माझा मुलगा ओम त्या सीटवरून उठेना. पडद्यावरचा रूळ त्याच्याकडं धावत येत होता आणि तो खरोखर घामाघूम झाला होता. अण्णा मागं उभे राहून बघत होते. नंतर एवढंच म्हणाले, "फावडं जड नाही."

ते तक्रार करत नव्हते, मोजत होते. फायरमनला एका खेपेत किती टन कोळसा ओढावा लागे, हलत्या पायांखाली, आगीच्या तोंडासमोर, हे पडद्यावर दाखवणं अवघड आहे. पण एक खरं फावडं, त्यात वजनानं भरलेला कोळसा आणि समोर फायरबॉक्सच्या तोंडाएवढं भोक, एवढं ठेवलं तर? मुलांनी दहा फावडी टाकून बघावीत. विज्ञान केंद्रवाल्यांना हे सहज जमेल, कलकत्त्याला त्यांनी अख्खी कोळशाची खाण उभी केलीच आहे. ही दोन घरं एकमेकांकडं जास्त जायला हवीत. एकाकडं मूळ वस्तू आहेत, दुसऱ्याला हात लावू देण्याची कला साधलेली आहे. आणि टचस्क्रीनबद्दल मला एक भीती वाटते. इंजिन शंभर वर्षांनी बंद पडलेलं असलं तरी इंजिनच दिसतं. बंद पडलेला पडदा पाच वर्षांत नुसती काळी काच होतो. नव्या दालनाचं बजेट करताना दहाव्या वर्षाच्या दुरुस्तीचा खर्चही त्यातच मांडून ठेवावा.

आणखी एक गोष्ट, जी पाटीवर यावी असं मला मनापासून वाटतं. बॉयलरवर उष्णता धरून ठेवायला पांढरं लिंपण असायचं, ॲस्बेस्टॉसचं. ते अण्णा आणि त्यांचे सोबती हातांनी कालवत, शेणमाती कालवावी तसं. तोंडाला काही नाही. आज संग्रहालयं जुनं इंजिन उघडताना ते लिंपण मुखवटे घालून, बंदोबस्तानं काढतात, कारण त्याचे तंतू फुप्फुसात जाऊन बसतात. अण्णांचा जोडीदार निवृत्तीनंतर खोकून खोकून गेला. कशानं गेला ते कुणी तपासलं नाही. चकचकीत रंगवलेल्या बॉयलरसमोर उभी राहिले की मला त्या काकांचे पांढरे झालेले हात दिसतात.

दिल्लीच्या त्या दुपारी गार्ड पुन्हा आमच्याकडं आला. अण्णा कसे उभे आहेत, कुठं बघताहेत, हे त्यानं लांबून पाहिलं असावं. "रेलवे से हैं?" त्यानं विचारलं. अण्णा म्हणाले, "बॉयलर. कुर्डुवाडी शॉप." मग अर्धा तास अण्णा त्यांच्या वर्कशॉपी हिंदीत बोलत राहिले आणि तो ऐकत राहिला, मधूनच येणाऱ्याजाणाऱ्यांनाही थांबवत. "सुनिए, इन्होंने बनाया है." बनवलं नव्हतं, दुरुस्त केलं होतं, पण अण्णांनी ते खोडून काढलं नाही. सहासात माणसं जमली. आठवड्यातून एकदा अशी एखादी खुर्ची एखाद्या इंजिनाशेजारी मांडायला काय हरकत आहे, हे मी त्याच वेळी वहीत लिहून घेतलं.

पुण्याला परत आल्यावर आम्ही सुरुवात केली. रविवारी सकाळी, ओमचा फोन आणि अण्णा. लेड प्लग का वितळतो, वॉशआउटला, म्हणजे बॉयलर आतून धुवायला, किती तास लागतात, ट्यूबचं टोक एक्सपांडर नावाच्या हत्यारानं किती फुलवायचं आणि कधी थांबायचं, चौदा तुकडे झालेत आतापर्यंत. आवाजाचा तुकडा मात्र अडला होता. वर्णन करून तो होईना. शेवटी अण्णांनी आपली जुनी हातोडी काढली, गल्लीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून एकाच मापाचे सळईचे तीन तुकडे आणले आणि जाड पट्टीत घट्ट बसवून घेतले. एक धड, एक आतून पूर्ण कापलेला, एक करवतीनं अर्धा. ओमला डोळे मिटायला लावले. पहिला त्यानं बरोबर ओळखला. दुसराही. तिसऱ्याला तो म्हणाला, धड आहे.

अण्णांनी मान हलवली, हातोडी पुन्हा उचलली आणि म्हणाले, "परत वाजवतो. ऐक."